शाळेची पाटी, शाळेची हवा

नाताळचे गोठे उतरले न उतरले तोच आमच्या धर्मग्रामांतून एका नव्या हंगामाला प्रारंभ होतो. तो शाळाप्रवेशाचा हंगाम होय. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तरुण आईबाप घोळक्याने उभे असतात आणि अडीच-तीन वर्षांच्या लेकरांच्या भवितव्याचा खल चालतो. हा खल आम्ही गेली अनेक वर्षे कान देऊन ऐकत आलो आहोत. शाळा कोणत्या बोर्डाची, माध्यम कोणते, वर्ग वातानुकूलित आहेत काय, बस दारापर्यंत येते काय, पाटीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द आहे काय, हे प्रश्न मोठ्या हिरिरीने विचारले जातात. त्या शाळेत चुकलेल्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात, गृहपाठाची वही तपासून परत मिळते काय, मागे पडलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे प्रश्न मात्र आमच्या कानी क्वचितच पडले.

थोडक्यात सांगायचे तर, आपण शाळेची पाटी वाचतो आणि तेथील हवा कशी आहे याची चौकशी करीत नाही. आमचे म्हणणे असे की, मुलाचे शिक्षण पाटीपेक्षा हवेवर अधिक अवलंबून असते. ही हवा शुल्क भरून विकत मिळत नाही, ती शाळेच्या भोवतीचा समाज शिक्षकांच्या साथीने निर्माण करतो. आणि ज्या समाजाकडे ती निर्माण करण्याचे सामर्थ्य पिढ्यान्‌पिढ्या होते तो आपला समाज आज ते सामर्थ्य आपल्याच हातांनी उधळून टाकीत आहे. हे म्हणणे अनेकांना झोंबेल. झोंबावे म्हणूनच आम्ही ते लिहीत आहोत.

प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला मिळेल. आमच्या उंबरठ्यापासून सात मिनिटांच्या वाटेवर धर्मग्रामाची मराठी शाळा आहे. आम्ही तेथे शिकलो, आमची थोरली मुलगीही तेथेच शिकली. धाकट्या मुलाच्या वेळी मात्र आमचे मन चळले. आम्ही त्याला दूरच्या एका झगमगीत शाळेत घातले. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा शाळा आता पैशाला पासरी झाल्या आहेत. तिसऱ्या इयत्तेत त्याचे गणित मागे पडले, तेव्हा शाळेने आम्हांला बोलावून घेतले आणि अत्यंत सभ्य भाषेत सांगितले की, बाहेर शिकवणी लावा, वर्गात एकेका मुलासाठी थांबता येणार नाही. त्या एका वर्षात त्याच्या वर्गावर तीन शिक्षिका येऊन गेल्या. आणि आज आठवले की आम्हांलाच नवल वाटते, त्याच्या वर्गातील चाळीस मुलांपैकी एकाच्याही आईबापाचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. आमचेही कुणाला ठाऊक नसावे.

याउलट आमचे स्वतःचे शाळेचे दिवस आठवतात. मधल्या सुट्टीनंतर वर्गात न जाता आम्ही बावखलात डुंबायला गेलो, तर ओल्या केसांनी घरी पोहोचण्याआधी वार्ता घरी पोहोचलेली असे. गुरुजी आमच्या वडिलांना बाजारात भेटत, बाई आमच्या आईच्या शेजारी मिस्सेला बसत, आणि वाडीतल्या कोणत्याही काकीला आमचा कान पिळण्याचा अधिकार होता. ज्याचे गणित कच्चे असे त्याला शाळा सुटल्यावर ओसरीवर थांबवून घेत, आणि त्याचे पैसे कुणी मागितल्याचे आम्ही ऐकले नाही. तो काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. छडी होती, गरिबाच्या मुलाला हिणवणारे शिक्षकही होते. परंतु मूल शाळेत कोण आहे आणि घरी कोण आहे हे एकमेकांना ठाऊक असलेली मोठी माणसे त्याच्या भोवती होती.

ही केवळ वय झालेल्या माणसाची हळहळ आहे असे कुणी म्हणेल. म्हणून आठवणी बाजूला ठेवू आणि अभ्यासकांकडे वळू. शाळेचा प्रकार, शाळेतील वातावरण आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांचा परस्परांशी काय संबंध आहे, या प्रश्नावर साठ वर्षे संशोधन चालू आहे. आणि त्यातील सर्वांत गाजलेला वाद कॅथलिक शाळांवरूनच झडला. तो झडला अमेरिकेत. तेथील धर्मग्रामांची शाळा ही आपल्यासारखीच चर्चच्या भिंतीला लागून उभी राहिलेली संस्था. बाल्टिमोर येथे १८८४ साली भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभारावी असा दंडकच घालून दिला होता. मजूर, स्थलांतरित आयरिश, इंग्रजी धड न येणारे इटालियन, पोलिश लोक आपली मुले तेथे पाठवीत आणि धर्मभगिनी त्यांना शिकवीत.

या वादाची सुरुवात १९६६ साली झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये सरकारने जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाकडे एक पाहणी सोपविली होती. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांवर विद्यार्थी तिच्या कक्षेत आले. चांगल्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांमुळे मुलांच्या संपादणुकीत मोठा फरक पडत असणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. निष्कर्ष निघाला तो वेगळाच. मुलाचे घर आणि वर्गात त्याच्या शेजारी बसणारी मुले यांचा प्रभाव मोठा, आणि साधनसामग्रीचा त्या मानाने फारच थोडा. अनेकांनी त्यातून घाईघाईने अर्थ काढला की, मग शाळेने काही फरकच पडत नाही.

त्या निराशेला पहिले सबळ उत्तर मिळाले लंडनमधून. मायकेल रटर या बालमानसोपचारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शहराच्या अंतर्भागातील बारा माध्यमिक शाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९७९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मूल शाळेत जे पंधरा हजार तास घालविते त्यावरूनच त्या ग्रंथाला नाव दिले होते. एकाच प्रकारच्या वस्तीतून आलेली, प्रवेशाच्या वेळी सारख्याच कुवतीची मुले काही शाळांत चांगली निघत आणि काही शाळांत वाया जात, असे त्यांना आढळले. इमारत जुनी की नवी, जागा ऐसपैस की अपुरी, यावर ते अवलंबून नव्हते. शिक्षक तासाला वेळेवर येतात काय, गृहपाठ देतात आणि तपासतात काय, चांगल्या कामाची वाखाणणी करतात काय, मुलांचे काम भिंतींवर लावले जाते काय, मुलांवर जबाबदारी टाकली जाते काय, शिक्षक एकत्र बसून अभ्यासक्रमाची आखणी करतात काय, यावर ते अवलंबून होते. हीच ती शाळेची हवा. यांपैकी एकाही गोष्टीला वातानुकूलन यंत्र लागत नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली: शाळेत अभ्यासू मुलांचा पुरेसा मोठा गट असला, तर त्याचा लाभ सर्वांनाच होतो. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

कोलमन स्वस्थ बसला नव्हता. १९८० साली केलेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीतील सुमारे ५८ हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासून त्याने दोन सहकाऱ्यांसह १९८२ साली ग्रंथ लिहिला. घरच्या परिस्थितीतील फरक हिशेबात धरूनही कॅथलिक शाळांतील मुले सरकारी शाळांतील मुलांपेक्षा पुढे आहेत, असे त्यात म्हटले होते. कारण म्हणून त्याने शिस्त, अधिक गृहपाठ आणि सर्वांना सक्तीने शिकविले जाणारे मूलभूत विषय यांकडे बोट दाखविले. त्यावर टीकेचे मोहोळ उठले. पदरचे पैसे खर्चून शाळा निवडणारे पालक मुळातच निराळे असतात, ते फरक आकड्यांनी पुसता येत नाहीत, असा टीकाकारांचा आक्षेप होता. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि तो दडवून आपल्या समाजाची पाठ थोपटण्याची आमची इच्छा नाही. पुढे २००५ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न अधिक कसोशीने तपासला. परीक्षेतील गुण कॅथलिक शाळेमुळे वाढतात याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. मात्र कॅथलिक शाळेतील मूल शालेय शिक्षण पुरे करण्याचा संभव पुष्कळच वाढतो, हे त्यांनाही मान्य करावे लागले.

शिक्षण पुरे करणे, गळून न पडणे, ही गोष्ट कोलमनने १९८७ सालीच थॉमस हॉफर याच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात मांडली होती. आमच्या मते त्या साऱ्या वादातील सर्वांत बोलका आकडा तोच. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत सरकारी शाळांतील १४.४ टक्के मुले शिक्षण सोडून गेली. कॅथलिक शाळांतील ३.४ टक्के गेली. आता कुणी म्हणेल की, खासगी शाळेचाच हा प्रभाव. तर इतर खासगी शाळांतील गळती होती ११.९ टक्के. म्हणजे शुल्क भरून चालणाऱ्या खासगी शाळा या बाबतीत सरकारी शाळांच्याच रांगेत बसल्या. आणि अन्य धर्मपंथांनी चालविलेल्या शाळांतही गळती कॅथलिक शाळांइतकीच अल्प आढळली. तेव्हा हा काही आपल्याच पंथाचा चमत्कार नव्हे.

मग फरक कशाचा होता? कोलमनचे उत्तर असे की, धर्मग्रामाच्या शाळेतील मुलांचे आईबाप एकमेकांना ओळखत होते. ते एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत. एका घरच्या मुलाचे वर्तन दुसऱ्या घराला दिसे, आणि दिसले तर ते बोलून दाखविले जाई. शिक्षक, पालक, धर्मगुरू यांचे मुलाविषयीचे म्हणणे एकच असे. माणसामाणसांतील या विश्वासाला त्याने 'सामाजिक भांडवल' असे नाव दिले. ज्या घरात पैसा नाही, पुस्तके नाहीत, आईबाप दिवसभर कामावर, अशा घरच्या मुलाला या भांडवलाचा सर्वांत मोठा आधार होतो. बावखलावरची वार्ता आमच्याआधी घरी पोहोचे, ती याच भांडवलावर.

या विषयावरील सर्वांत सखोल ग्रंथ १९९३ साली आला. ब्रायक, ली आणि हॉलंड या तिघा अभ्यासकांनी कॅथलिक माध्यमिक शाळा आतून पाहिल्या. तेथे हुशार मुलांसाठी एक आणि मठ्ठ मुलांसाठी दुसरा अभ्यासक्रम अशी फाळणी जवळजवळ नव्हती. सर्वांनी तेच विषय शिकायचे. शिक्षक स्वतःला केवळ विषयाचा जाणकार समजत नसे. मैदानावर, वाटेवर, घरच्या अडचणीत तो मुलाच्या सोबत असे. निर्णय वरून लादले जात नसून शाळेतच होत. आणि प्रत्येक मूल ईश्वराची प्रतिमा आहे, हा विश्वास या साऱ्याच्या मुळाशी होता. परिणाम असा की, श्रीमंत आणि गरीब घरच्या मुलांच्या संपादणुकीतील दरी तेथे सरकारी शाळांपेक्षा कमी होती. चांगली शाळा ओळखण्याची याहून सरळ खूण आम्हांला ठाऊक नाही.

हे सारे परदेशचे, आपल्याकडे त्याचे काय, असे कुणी विचारील. आपल्या देशातीलही एक साक्ष घ्या. आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेचे शुल्क देण्यात आले आणि चार वर्षे त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवण्यात आली. मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे: तेलुगू आणि गणित या विषयांत सोडत लागलेली मुले आणि न लागलेली मुले यांत फरक पडला नाही, हिंदीत मात्र पडला, कारण सरकारी प्राथमिक शाळांत तो विषय शिकवीतच नव्हते. खासगी शाळांनी हे काम बरेच कमी खर्चात केले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु नुसती पाटी बदलल्याने मुलाचे गणित सुधारत नाही, एवढे तेथेही सिद्ध झाले.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण कडू बोलायचे ते येथेच.

आमचा पहिला आरोप पालकांवर आहे, आणि त्यात आम्ही स्वतःही आलो. आपण मुलाला धर्मग्रामाच्या शाळेतून उचलतो तेव्हा आपल्याला वाटते की, आपण केवळ आपल्या मुलाचा निर्णय घेतला. तसे नसते. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पट घसरला की संचमान्यतेत एक पद कमी होते, कुणी शिक्षक अतिरिक्त ठरतो, दोन तुकड्यांची एक तुकडी होते. गेली ती मुले कोणाची? ज्यांच्या घरी पुस्तके होती, आईबाप पालकसभेला येत, प्रश्न विचारीत, त्यांची. राहिली ती शेतमजुराची, मासळी विकणारीची, आदिवासी पाड्यावरची. रटरने सांगितलेला अभ्यासू मुलांचा तो गट आपण उचलून नेला, आणि मग चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून म्हणू लागलो, "आपल्या शाळेचा दर्जा पूर्वीसारखा राहिला नाही हो!" विहिरीतले पाणी आपणच उपसायचे आणि विहीर आटली म्हणून बोटे मोडायची, अशातला हा प्रकार.

इंग्रजीचे काय, असा प्रश्न येथे हमखास येतो. इंग्रजी हवी, चांगली हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा वाद माध्यमाशी नाही. इंग्रजी माध्यमाची उत्तम हवा असलेली शाळा आहे, मराठी माध्यमाची कोंदट हवा असलेली शाळाही आहे. परंतु गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग मराठी शाळांतून चालविता येतात, इंग्रजीचा एक चांगला शिक्षक धर्मग्राम स्वतःच्या खर्चाने नेमू शकतो. एका बसच्या वार्षिक भाड्यात चार-पाच घरे मिळून जे करू शकतात ते आपण कधी करून पाहिले काय? ते न करता माध्यमाची सबब पुढे करणे हा आळस आहे.

आमचा दुसरा आरोप शाळा चालविणाऱ्यांवर आहे, मग त्यांच्या अंगावर झगा असो वा नसो. जून महिन्यात फाटकावर फलक झळकतो: दहावीचा निकाल शंभर टक्के. हे शंभर टक्के कशाचे, हे आपण विचारले आहे काय? नववीत जो मुलगा डळमळीत दिसतो त्याच्या बापाला बोलावून १७ नंबरचा फॉर्म पुढे केला जातो: बाहेरून बसवा, त्याच्याच भल्याचे आहे. पोर शाळेच्या यादीतून जाते, निकाल शंभर राहतो. सर्वच शाळा असे करतात असे आम्ही म्हणत नाही. अडखळणाऱ्या मुलांना हात धरून पार नेणाऱ्या आणि त्यापायी नव्वद टक्क्यांवर समाधान मानणाऱ्या शाळा आम्हांला ठाऊक आहेत. त्यांच्या फाटकावर फलक नसतो. परंतु हा प्रघात आहे, आणि तो संतांची नावे धारण करणाऱ्या शाळांतही शिरला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील कॅथलिक शाळांचे खरे यश त्या ३.४ टक्क्यांत होते: त्यांनी मुले टिकविली. आपण मुले गाळून यश मोजू लागलो, तर पाटीवरचे संताचे नाव हा निव्वळ दिखावा ठरेल. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात जाणाऱ्या मेंढपाळाच्या नावाने चालणारी शाळा नव्याण्णवांचा निकाल बिघडू नये म्हणून त्या एकाला कुंपणाबाहेर लोटते, यापरते दुर्दैव कोणते?

आणि हे आम्ही आमच्या मनाचे सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. कॅथलिक शाळेचे वेगळेपण कशात आहे हे सांगताना परिषदेने निकालाचा उल्लेख केलेला नाही. शुभवर्तमानातील स्वातंत्र्य आणि प्रीती यांनी भारलेले वातावरण शाळेत निर्माण करणे, हे वेगळेपण होय, असे तिने सांगितले. गरीब, मायेला पारखे झालेले आणि श्रद्धेला अनोळखी असलेले, यांची विशेष काळजी घ्या, असेही तिने बजावले. वातावरण हा शब्द, वाचकहो, समाजशास्त्रज्ञांच्या आधी परिषदेच्या धर्माचार्यांनी उच्चारला होता.

या कसोटीवर आपण कोठे उभे आहोत? राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क दिला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले, म्हणजे दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे बंधन आपल्यावर राहिले नाही. तो निर्णय आला तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे २०२१ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अहवाल दिला की, देशातील अल्पसंख्याक शाळांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुले नऊ टक्क्यांहूनही कमी आहेत. आयोगाच्या हेतूंविषयी कुणाला शंका असू शकेल. परंतु आकडा खोटा ठरविण्याचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे आपल्या शाळांची दारे उघडून दाखविणे. कायद्याने जे करायला लावले नाही ते शुभवर्तमानाने करायला लावलेच आहे. हक्काचे कवच हाती आले ते गरिबाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे.

इशारा म्हणून पुन्हा एकदा अमेरिकेकडे पाहावे. १९६५ च्या सुमारास तेथील कॅथलिक शाळांत ५२ लाख मुले शिकत होती. आज सतरा लाखांच्या आसपास उरली आहेत. धर्मभगिनींची संख्या घटली, पगारी शिक्षकांमुळे शुल्क वाढले, कुटुंबे जुनी वस्ती सोडून उपनगरांत गेली. अभ्यासकांनी ज्या शाळांची वाहवा केली त्याच शाळा, वाहवा चालू असताना, एकामागून एक बंद पडत होत्या. ब्रिनिग आणि गार्नेट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिकागो शहराचा हिशेब मांडला आहे: ज्या वस्त्यांतील कॅथलिक शाळा बंद झाल्या तेथे शेजारधर्म विरळ झाला, बेबंदपणा आणि गुन्हे यांना वाव मिळाला. शाळा बंद झाली म्हणजे केवळ वर्ग बंद होत नाहीत; माणसे एकमेकांना भेटण्याची जागा बंद होते. वसईसारख्या भागात, जिथे वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत आणि जिन्यावरच्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, तिथे हा इशारा कोणाला कळणार नाही?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. येत्या हंगामात शाळा पाहायला जाल तेव्हा पाटी वाचून परत फिरू नका. मधल्या सुट्टीत जा. शिक्षक मुलांशी कोणत्या स्वरात बोलतात ते ऐका. एक वही मागून पाहा. लाल शाईच्या खुणेखाली सुधारणा केली आहे की नुसतीच खूण आहे ते पाहा. पाच वर्षांत किती शिक्षक सोडून गेले ते विचारा. आणि मुख्याध्यापकांना एकच प्रश्न ठामपणे विचारा: पाचवीत जी मुले होती, त्यांतील किती याच शाळेतून दहावीला बसली?

हाच प्रश्न आपल्या पॅरिश कौन्सिलने आपल्या शाळेला दरवर्षी विचारावा आणि त्याचे उत्तर निकालाच्या फलकाशेजारी लावावे. शाळा हा फादरांचा किंवा सिस्टरांचा विषय आहे, असे म्हणून हात झटकण्याचे दिवस गेले. त्यांची संख्या घटत आहे, आणि शाळा त्यांच्या एकट्याच्या कधी नव्हत्याही. माजी विद्यार्थ्यांनी, त्यांत आमच्यासारखे पळून गेलेलेही आले, आठवड्यातून एक संध्याकाळ ओसरीवर मागे पडलेल्या मुलांसाठी द्यावी. ज्यांना आपली मुले दुसऱ्या शाळेत घालायचीच आहेत त्यांनी खुशाल घालावीत. परंतु घराशेजारच्या शाळेतील मुलेही आपल्याच धर्मग्रामाची आहेत, हे विसरू नये.

आमचा मुलगा पुढे घराजवळच्या शाळेत परत आला. तो पहिला आला, अशी गोष्ट सांगता आली असती तर लेखाला शोभा आली असती. तो काही पहिला आला नाही. गणितात तो आजही यथातथाच आहे. परंतु परत आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वाटेवर एका बाईंनी आम्हांला थांबवून सांगितले, "तुमच्या पोराचा भागाकार कच्चा आहे. शनिवारी पाठवा, मी बघते." त्या बाईंचा तो वर्गही नव्हता. चौदा महिन्यांनी तो मुलगा भागाकार चुकला की लपविण्याऐवजी विचारू लागला. त्या शाळेचा पट यंदाही घसरला आहे आणि खालच्या वर्गाची एक तुकडी बंद होण्याच्या वाटेवर आहे. ती तुकडी टिकवायची की नाही, हे ठरविणे अजून आपल्या हातांत आहे.